छोट्या संग्रहासाठी टर्नटेबल: एटी-एलपी१२०एक्स, व्हीएम९५ आणि सुयांचा हिशेब

आधी निकाल सांगतो, मग कारणं. घरात शंभराच्या आत रेकॉर्ड्स असतील आणि त्यातल्या बऱ्याचशा जुन्या, भारतीय असतील, तर पैसे टर्नटेबलच्या दिसण्यावर घालू नका, सुईवर घाला. टर्नटेबल तीन स्पीडचा (मिनिटाला ३३, ४५ आणि ७८ फेरे) हवा, आर्मचं, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याचं, वजन आपल्याला लावता यायला हवं आणि कार्ट्रिज, म्हणजे सुई जिच्यात बसते ती डबी, बदलता यायला हवं, एवढं मिळालं की उरलेले सगळे पैसे सुईला. मी ऑडिओ-टेक्निकाचा एटी-एलपी१२०एक्सयूएसबी घेतला, त्याच्यासोबत येणारं व्हीएम९५ई कार्ट्रिज काही महिने ऐकलं, मग त्याच बॉडीवर एमएल ही बारीक टोकाची सुई लावली आणि ७८ साठी एसपी हे दुसरं कार्ट्रिज वेगळ्या हेडशेलवर (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज धरणारा तुकडा) बसवलं. पुण्यात घरोघरी असे छोटे संग्रह माळ्यावर पडून आहेत, आजोबांच्या नाट्यसंगीताच्या ७८ च्या तबकड्या, काकांच्या ख्यालाच्या एलपी (३३ च्या मोठ्या), आईच्या भावगीतांच्या ईपी (४५ च्या छोट्या), आणि वर जुन्या बाजारातून रविवारी उचललेल्या दोन-चार. आमच्याकडेही नेमकं हेच आहे, म्हणून हे लिहितोय.

दुकानात गेलं की पहिल्यांदा समोर येतात ते सूटकेसवाले प्लेअर. दिसायला छान, स्पीकर आतच, किंमत कमी. पण त्यात सिरॅमिक कार्ट्रिज असतं, सुईचं वजन जास्त आणि ते कमी करायची सोय नाही. आजोबांची चांगली राहिलेली एलपी त्यावर लावू नये, माझं तरी मत पक्कं आहे. त्याच्या वरती येतो ऑडिओ-टेक्निकाचाच एलपी६०एक्स, पूर्ण ऑटोमॅटिक, बटण दाबलं की आर्म स्वतः जाऊन बसतो आणि बाजू संपली की परत येतो. घरात वयस्कर माणूस ऐकणारं असेल, हात थरथरत असेल तर मी हाच घ्यायला सांगेन, मनापासून. फक्त त्यात सुई बदलता येते, कार्ट्रिज नाही, आणि ७८ नाही.

रेगाचा प्लॅनर १ मी कॅम्पातल्या एका दुकानात निवांत बसून ऐकला. आवाज खरंच गोड आहे, तबल्याचा बाया मोकळा वाजतो, आणि यंत्रात काहीच जास्तीचं नाही. पण ३३ वरून ४५ वर जायला प्लॅटर उचलून हाताने पट्टा सरकवायचा. एकामागून एक ईपी ऐकणाऱ्याला हे कंटाळवाणं होतं, ईपी एका बाजूला पाच-सात मिनिटं चालते, मग एलपी लावायची तर पुन्हा प्लॅटर काढा. आणि ७८ तिथेही नाहीच. ज्यांच्याकडे फक्त एलपी आहेत त्यांनी मात्र रेगा ऐकल्याशिवाय काही घेऊ नये. प्रो-जेक्टच्या डेब्यू कार्बन इव्होमध्ये ३३ आणि ४५ बटणावर आहेत, ७८ साठी वेगळा पट्टा चढवायचा, सोबत ऑर्टोफॉनचं २एम रेड कार्ट्रिज. टेक्निक्सचा एसएल-१५००सी तिन्ही स्पीड देतो, डायरेक्ट ड्राइव्ह, बांधणी एक नंबर, पण तेवढ्या पैशात माझ्या हिशेबानं टर्नटेबल, दोन सुया आणि चांगला फोनो प्रीअँप (कार्ट्रिजमधला क्षीण आवाज वाढवणारा डबा) असं सगळं येतं, आणि छोट्या संग्रहाला त्याचा उपयोग जास्त.

एलपी१२०एक्स दिसायला सरळसरळ टेक्निक्स एसएल-१२०० च्या वळणाचा आहे. तो एसएल-१२०० १९७२ साली आला, पुढे डीजे लोकांनी डोक्यावर घेतला, त्यामुळे कडेला ठिपक्यांचा प्लॅटर, स्ट्रोबचा दिवा, गती थोडी कमी-जास्त करायचा पिचचा सरकता खटका हे सगळं इथेही आहे. डायरेक्ट ड्राइव्ह म्हणजे मोटर थेट प्लॅटरखाली, पट्टा नाही, त्यामुळे पट्टा सैल पडायची भानगड नाही. ३३ आणि ४५ ची दोन बटणं, दोन्ही एकदम दाबली की ७८. आर्म एस आकाराचा, पुढचं हेडशेल फिरवून काढता येतं, आणि माझ्यासाठी हीच सगळ्यात मोठी गोष्ट ठरली, कारण एका हेडशेलवर एलपीचं कार्ट्रिज आणि दुसऱ्यावर ७८ चं, अशी अदलाबदल मिनिटभरात होते. मॅन्युअल आहे, बाजू संपली की उठून आर्म उचलावा लागतो. मला ते चालतं. ज्यांना रेकॉर्ड लावून झोपायची सवय आहे त्यांनी विचार करावा.

आता सुई, कारण खरा मुद्दा तो आहे. व्हीएम९५ ही एक मालिका आहे, बॉडी एकच आणि पुढची सुई बदलते. सी म्हणजे गोल टोकाची, ई म्हणजे लंबगोल, ईएन म्हणजे तीच जरा चांगल्या घडणीची, एमएल म्हणजे मायक्रोलिनिअर, एसएच म्हणजे शिबाटा, आणि एसपी ७८ साठी. कुठलीही सुई ओढून काढायची, दुसरी खोचायची, बॉडीला हात लावायची गरज नाही. कंपनी सुईचं आयुष्य सांगते ते असं: सी ५०० तास, ई ३००, एमएल १०००. रोज एक एलपी ऐकली तर ई वर्षभरात किंवा थोडी पुढे जाऊन संपते, एमएल साडेतीन-चार वर्षं जाते. एमएलची किंमत बघून पहिल्यांदा हात मागे येतो हे खरं, पण तासाच्या हिशेबात ती ई पेक्षा फार महाग पडत नाही.

आणि आपल्या रेकॉर्ड्सना एमएल का हवी, तर त्याचं कारण ख्यालाच्या मांडणीतच आहे, जे बाहेरच्या रिव्ह्यूत कुणी सांगत नाही कारण ते लोक रॉक आणि जॅझ लावून बघतात. एलपी फिरते एकाच गतीने, मिनिटाला सव्वातेहतीस-साडेतेहतीसच्या मधे, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटीमीटर खाच जाते आणि लेबलजवळ आली की जेमतेम २० ते २१. म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा. तिथे लाटा दाटीवाटीने कोरलेल्या असतात आणि जाड टोकाची सुई त्यात नीट शिरत नाही, आवाज फाटतो, स आणि च ची सरसर होते. आता ख्यालाची बाजू कशी असते बघा. सुरुवातीला विलंबित, आलाप, संथ, सगळं मोकळं, ते पडतं बाहेरच्या प्रशस्त जागेत. आणि द्रुत बंदिश, वरच्या सप्तकातल्या ताना, तबला चढलेला, पेटी भरात, हे सगळं येतं नेमकं बाजूच्या शेवटी, लेबलजवळच्या अरुंद जागेत. पाश्चात्य सिंफनीत शेवट जोरदार असतो तेव्हा हाच त्रास होतो, पण आपल्याकडे तर जवळपास प्रत्येक बाजूचा शेवट असाच. म्हणून ई वर मला विलंबित ऐकताना काही कमी वाटत नव्हतं, आणि द्रुत आलं की तानेतले स्वर एकमेकांना चिकटायचे, वरचा सा लागला की त्याला काठ यायचा. एमएल लावली आणि त्याच एलपीच्या त्याच ताना सुट्या झाल्या, दाणा न दाणा. हा फरक ऐकायला कान तयार असायला लागत नाहीत, घरातल्या कुणालाही कळतो.

जुन्या बाजारातल्या रेकॉर्ड्सबद्दल आणखी एक. बऱ्याच एलपी आधीच जड पिकअपवर, झिजलेल्या सुईवर शेकडो वेळा वाजलेल्या असतात. गोल सुई खाचेच्या भिंतीला ठरावीक उंचीवर घासते, ती जागा खराब होते. एमएलचं टोक बारीक आणि उभं असल्यामुळे ते त्या जागेच्या खाली-वर, न घासलेल्या भागालाही लागतं, त्यामुळे काही रेकॉर्ड्स अचानक स्वच्छ वाजायला लागतात. सगळ्याच नाही. काहींत भिंत वरपासून खालपर्यंत गेलेली असते, तिथे बारीक सुई तो बिघाड उलट जास्त दाखवते. अशांसाठी मी ई ची हिरवी सुई जपून ठेवलीय, दोन सेकंदात बदलता येते, लाल काढून हिरवी.

२एम रेडबद्दल बरेच जण विचारतात. चांगलं कार्ट्रिज आहे, आवाज जरा पुढे येऊन बसतो, आउटपुट ५.५ मिलिव्होल्ट म्हणजे व्हीएम९५ई च्या ४ पेक्षा जोरात. त्यावर पुढे ब्ल्यूची सुई चढते. पण ७८ ची सुई, एमएल, शिबाटा हे सगळं एकाच बॉडीवर आणि मधल्या किमतीत व्हीएम९५ मध्ये मिळतं, मिश्र संग्रहाला हेच सोयीचं.

७८ वाल्यांनी हा भाग नीट वाचा. या तबकड्या लाखेच्या असतात आणि त्यांची खाच एलपीपेक्षा कितीतरी रुंद. एलपीची सुई टोकाला ०.०१५ ते ०.०१८ मिलिमीटरची, ७८ ला लागते साधारण ०.०७५ ची. एलपीची सुई ७८ वर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी जाऊन खरवडत बसते, गाणं कमी आणि खरखर जास्त ऐकू येते, वर सुईही जाते. एसपीला वजन लागतं ५ ग्रॅम, बाकी सगळ्या व्हीएम९५ ना २. एलपी१२०एक्सच्या आर्मवरच्या वजनाच्या चकतीवर आकडे ४ पर्यंतच आहेत, म्हणून ५ ला वेगळ्या डिजिटल काट्यावरच मोजून लावावं लागतं. सराफ वापरतात तसला छोटा काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो, सुईचा म्हणून जो विकतात तो जास्त सोयीचा, तो घ्याच, एलपीसाठीही लागतो.

पिचचा खटका डीजेंसाठी असेल, पण ७८ ऐकणाऱ्याला तो सोन्यासारखा आहे. जुन्या ध्वनिमुद्रणांची गती नेमकी ७८ असतेच असं नाही, काही ७६ च्या जवळ, काही ८० च्या. गायकाची पट्टी माहीत असेल, किंवा पेटीचे सूर कुठे बसतात ते ऐकू येत असेल, तर फोनवर तंबोऱ्याचं ॲप लावायचं आणि खटका थोडाथोडा सरकवत गाणं सुरात आणायचं. बालगंधर्वांच्या काळातल्या तबकड्या असं करून ऐकल्या की आवाजाचं वय बदलतं, घाईत गायल्यासारखं वाटणारं गाणं जागेवर येऊन बसतं. तीन-साडेतीन मिनिटांत त्या लोकांनी काय काय मांडलंय हे तेव्हा कळतं. दुसरं म्हणजे ॲम्प्लिफायरला मोनोचं बटण असेल तर ७८ ला आणि जुन्या मोनो एलपींना ते दाबा, खाचेतल्या उभ्या हालचालीचा कचरा बराचसा आपोआप कापला जातो. एचएमव्हीच्या लेबलवर नंबर बघा, ईएएलपी आणि ईसीएलपी म्हणजे मोनो, ईएएसडी आणि ईसीएसडी म्हणजे स्टिरिओ.

बसवायचं काम घाबरण्यासारखं नाही, पण घाईचंही नाही. मागचं वजन फिरवून आर्म हवेत आडवा तरंगायला लागला की आकड्याची चकती शून्यावर आणायची, मग वजन आणि चकती एकत्र फिरवून २ वर, अँटीस्केटही (आर्म आतल्या बाजूला ओढला जाऊ नये म्हणून लावायचा उलटा जोर) २ वर, आणि काट्यावर तपासून घ्यायचं. कार्ट्रिज हेडशेलमध्ये सरळ बसलंय का ते प्रोट्रॅक्टरचा, म्हणजे कोन तपासायच्या आखणीचा, कागद छापून बघायचं, विशेषतः एमएलला हे फार महत्त्वाचं आहे, बारीक सुई वाकडी बसली तर महाग सुईचा सगळा फायदा जातो. ठेवायची जागा घट्ट हवी. पेठेतल्या जुन्या वाड्यात लाकडी तक्तपोशी असेल तर कुणी चाललं तरी सुई उडते, तिथे भिंतीला ठोकलेली फळीच बरी. फ्लॅटमध्ये मी कपाटावर कडप्प्याचा तुकडा टाकलाय, खाली रबराचे चार ठोकळे, किचन ओट्याचं काम करणाऱ्याकडे असले उरलेले तुकडे मिळतात. स्पीकर त्याच कपाटावर ठेवू नका. घुमल्यासारखा हम्म आवाज आला तर आधी टर्नटेबलची अर्थची वायर ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला लावलीय का बघा, आणि घराच्या प्लगला खरोखर अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, जुन्या इमारतींत तिसरं भोक नुसतं दिसायला असतं.

टर्नटेबल दुकानात तपासायला जाताना तंबोरा सुरुवातीला मोकळा वाजतो अशी एलपी बरोबर न्या. ड्रम आणि गिटारवर गतीतला बारीक हेलकावा लपतो, तंबोऱ्यात नाही. षड्ज हलला, डुलला की लगेच कळतं. एलपी१२०एक्स या परीक्षेत मला अगदी स्थिर वाटला, क्वार्ट्झ लॉक, म्हणजे गती पक्की धरून ठेवणारी सोय, लावलेला असताना. आणि तरीही सूर डुलतोय असं वाटलं तर आर्मकडे बघा, तो प्रत्येक फेऱ्याला डावीकडे-उजवीकडे हलत असेल तर भोक मध्यावर पडलेलं नाही, दोष रेकॉर्डचा आहे, यंत्राचा नाही. जुन्या प्रेसिंगमध्ये हे सापडतं.

आत फोनो प्रीअँप आहे, मागच्या खटक्यानं बंद करता येतो. सुरुवातीला तो वापरा, कुठल्याही ऑक्स इनपुटला जोडता येतं, काम होतं. नंतर बाहेरचा जोडल्यावर खर्ज जास्त भरीव झाला आणि मागची शांतता वाढली, पण हा खर्च सुईच्या नंतर करायचा. घरातल्या जुन्या ॲम्प्लिफायरवर फोनो लिहिलं असेल तर ते सिरॅमिक पिकअपसाठी असू शकतं, तेव्हा आधी तपासा. १९५४ पासून एलपीची जी ठरलेली ध्वनिरेषा आहे, आरआयएए म्हणतात ती, तिच्याप्रमाणे खर्ज कमी करून आणि वरचे सूर वाढवून रेकॉर्ड कोरतात, फोनो प्रीअँप ते उलटं करून मूळ आवाज परत आणतो, म्हणून चुकीच्या इनपुटला जोडलं तर आवाज पातळ आणि कर्कश येतो, आणि माणूस बिचाऱ्या कार्ट्रिजला दोष देतो. यूएसबीची सोय मी फक्त ७८ उतरवून ठेवायला वापरतो. लाखेची तबकडी हातातून निसटली की संपली, तेव्हा एकदा तरी उतरवून ठेवाच.

एक सावधगिरी, कारण पुण्यात निम्म्या घरांत कुणीतरी अमेरिकेत असतं. तिकडून जुना टर्नटेबल आणायचा विचार असेल तर मोटर कसली आहे ते आधी विचारा. जुन्या एसी सिंक्रोनस मोटरची गती विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालते, तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळतं, फ्रिक्वेन्सी नाही. मग ३३ ची एलपी साधारण २८ ने फिरते आणि काळी एकमध्ये गायलेलं काळी पाचमध्ये, ढिलं होऊन ऐकू येतं. ५० हर्ट्झची पुली मिळाली तरच घ्या. डीसी मोटरच्या किंवा क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्हच्या यंत्रांना हा त्रास नाही, तिथे फक्त व्होल्टेज बघायचं.

धुण्याबद्दल थोडंच. पावसाळ्यात माळ्यावर राहिलेल्या रेकॉर्ड्सवर पांढरी बुरशी धरते, ती सुईने खरवडू देऊ नका, आधी धुवा. डिस्टिल्ड वॉटर, भांड्याच्या लिक्विड सोपचा एखादा थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल, मग पुन्हा नुसत्या पाण्याने, लेबल कोरडं ठेवून. ७८ ला अल्कोहोल असलेलं काहीही लावायचं नाही, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, तबकडी कायमची जाईल. रेकॉर्ड्स उभ्या ठेवा, आडव्या थप्पीत नको.

घेताना खोकं दुकानातच उघडून बघा. प्लॅटर, वरचा मॅट, हेडशेल, काउंटरवेट, ४५ चा अडॅप्टर, झाकण आणि त्याच्या बिजागऱ्या, पॉवर अडॅप्टर, हे सगळं सुटं सुटं असतं आणि काउंटरवेट राहिलं तर घरी नेऊन काही करता येत नाही. डेमोचा पीस असेल तर सुई बदलूनच मागा, किती तास चाललीय ते कुणालाच सांगता येत नाही. वजन आठेक किलो आहे, स्कूटरवर पायाशी ठेवून आणू नका, रिक्षा करा. खोकं आणि आतले थर्माकोल टाकू नका, घर बदलताना प्लॅटर काढून, आर्म बांधून त्यातच परत भरायचं असतं. एसपी आणि जास्तीचं हेडशेल पुण्यातल्या दुकानांत तयार असेलच असं नाही, ऑर्डर देऊन मागवावं लागतं, तेव्हा ७८ च्या तबकड्या असतील तर टर्नटेबलबरोबरच सांगून ठेवा.